वाचकांचे प्रश्न : विजेची गाडी खरोखर स्वस्त पडते का?

प्रश्न : नवी गाडी घेऊन ती आठ-दहा वर्षे वापरण्याचा विचार आहे. विजेच्या गाडीची किंमत पेट्रोलच्या गाडीहून जास्त असली, तरी चालवण्याच्या खर्चातील बचतीतून तो फरक भरून निघतो, असे विक्रेते सांगतात. हे कसे पडताळून पाहावे?

उत्तर : विक्रेत्यांचे म्हणणे खोटे नाही, पण ते अपुरे आहे. बचत खरी आहे आणि तिचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. पेट्रोलमधील ऊर्जेचा बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो, उलट विजेची मोटर मिळालेल्या ऊर्जेतील सुमारे 90 टक्के ऊर्जा कामी लावते. त्यामुळे मध्यम आकाराच्या पेट्रोल गाडीला 100 किलोमीटरसाठी 6 ते 7 लिटर इंधन लागत असेल, तर त्याच आकाराची विजेची गाडी 15 ते 20 युनिटांत तेवढे अंतर जाते. यात चार्जिंगच्या वेळी वाया जाणारी सुमारे 10 टक्के वीज मिळवा, कारण तिचेही बिल आपल्यालाच भरावे लागते. मग दोन्ही आकड्यांना आपल्याकडील दरांनी गुणून दर किलोमीटरचा फरक काढा आणि दोन्ही गाड्यांच्या किमतींतील फरकाला त्याने भागा. जे उत्तर येईल, तितके किलोमीटर गाडी चालल्यावरच जादा भरलेली रक्कम वसूल होते. गाडी कर्जावर घेणार असाल, तर जादा रकमेवरील व्याजही या फरकात धरले पाहिजे.

या गणितात वीज कोणत्या दराने मिळते, यावर सर्वाधिक अवलंबून असते. सार्वजनिक जलद चार्जरवरील युनिटचा दर घरगुती दराच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असू शकतो, आणि सगळे चार्जिंग तिथेच करावे लागले, तर बचतीचा मोठा भाग तिथेच संपतो. म्हणून पार्किंगच्या जागी स्वतःचा चार्जर बसवता येईल का, हा प्रश्न मला मॉडेलच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

देखभालीचा खर्चही कमी होतो. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच, सायलेन्सर यांपैकी काहीच नसते आणि वेग कमी करताना मोटरच वीज निर्माण करून गाडी रोखत असल्याने ब्रेक पॅड पुष्कळ दिवस टिकतात. मात्र बॅटरीच्या वजनामुळे टायर लवकर झिजतात, आणि विम्याचा हप्ताही अनेकदा जास्त असतो. हे दोन्ही आकडे आधीच विचारून घ्यावेत.

राहिली पुनर्विक्रीची किंमत. गाडीच्या एकूण खर्चात बहुधा हाच सर्वांत मोठा भाग असतो, तरी बहुतेक तुलनांमध्ये तो धरलेलाच नसतो. तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याने तो अवश्य धरावा, कारण विजेच्या अनेक गाड्यांची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते. आपण आठ-दहा वर्षे गाडी ठेवणार आहात. ती रोज बरीच चालणार असेल आणि चार्जिंग घरी होणार असेल, तर विजेची गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वापर आठवड्यातून एखाद्या फेरीपुरताच असेल, तर केवळ बचतीसाठी ती घेऊ नये.

प्रश्न : पण बॅटरी बदलावी लागली, तर सगळी बचत एका फटक्यात जाणार नाही का?

उत्तर : हमीची मुदत संपल्यावर ती बदलावी लागली, तर जाऊ शकते. परंतु अनेक कंपन्या 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर, हमी देतात आणि त्या काळात बॅटरीची क्षमता सहसा 70 टक्क्यांच्या खाली गेल्यास दुरुस्ती किंवा बदली कंपनीकडे असते. बॅटरी एकाएकी निकामी होण्यापेक्षा तिची क्षमता हळूहळू उतरत जाणे, हाच नेहमीचा अनुभव आहे. जुनी गाडी घेणार असाल, तर व्यवहारापूर्वी बॅटरीच्या शिल्लक क्षमतेचा लेखी अहवाल मागावा, आणि हमी दुसऱ्या मालकाच्या नावे चालू राहते का, हेही कागदपत्रांत तपासून घ्यावे.