वाचक विचारतात: मॅग्नेशियमची गोळी घ्यावी का?

प्रश्न : वय ६६. रात्री पोटरीत गोळे येतात. शेजारणीने मॅग्नेशियम ग्लायसिनेट घ्यायला सांगितलं. डब्यावर १००० मिलिग्रॅम लिहिलंय, हे फार नाही का? बीपीसाठी टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोनची एकत्र गोळी आणि चार वर्षं अ‍ॅसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल चालू आहे.
– एक वाचक, गुहागर

उत्तर : १००० हे आख्ख्या क्षाराचं वजन. ग्लायसिनेटमध्ये मॅग्नेशियम असतं जेमतेम १४ टक्के, म्हणजे तुमच्या पदरात १४० मिलिग्रॅम. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या गोळीचं गणित उलटं: त्यात ६० टक्के, म्हणून ४०० मिलिग्रॅमच्या गोळीत २४०. स्वस्तही तेच. पण ऑक्साइड अंगी कमी लागतं, आणि न शोषलेला भाग आतड्यात पाणी ओढून जुलाब करतो. मिल्क ऑफ मॅग्नेशिया पोट साफ करतं ते याच गुणावर. तेव्हा डबा उलटा करा आणि मागच्या बारीक अक्षरांत ‘एलिमेंटल मॅग्नेशियम’ (म्हणजे निव्वळ मॅग्नेशियम) किती ते वाचा. गोळ्यांतून मिळणारं मॅग्नेशियम दिवसाला ३५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. जेवणातलं यात धरत नाहीत.

मात्र आमची नजर डब्यापेक्षा तुमच्या चालू औषधांवर जाते. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे मॅग्नेशियम आणि पोटॅशियम दोन्ही बाहेर घालवतं. पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं घेतलं तर काहींचं मॅग्नेशियम उतरतं. म्हणून आधी रक्तात मॅग्नेशियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. मॅग्नेशियम साधारण १.७ ते २.४ (मिलिग्रॅम/डेसिलिटर) हवं, पण शरीरातल्या एकूण साठ्याचा एक टक्काही रक्तात नसतो, त्यामुळे नॉर्मल आकड्यावरही डोळे मिटून विसंबू नये. पोटॅशियम कमी निघालं आणि सोबत मॅग्नेशियमही कमी असेल, तर नुसत्या पोटॅशियमच्या औषधाने ते वर येत नाही. आधी मॅग्नेशियम भरावं लागतं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नका. मूत्रपिंड मंदावलं की मॅग्नेशियम साचतं: मळमळ, गुंगी, बीपी पडणं. बीपीची गोळी परस्पर बंद करू नका. ‘पॅन्टोप्राझोल अजून लागतंय का?’ हे मात्र जरूर विचारा.

रिपोर्ट चांगला आला, तर गोळीकडून फार आशा धरू नका. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात वयस्करांच्या पायांत येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा म्हणावा असा फायदा दिसला नाही. गोळा आला की गुडघा सरळ ठेवा, चवड्याला टॉवेल अडकवून तो २०-३० सेकंद स्वतःकडे ओढा, पोटरी सुटते.

जेवणातून बायकांना दिवसाला ३७० मिलिग्रॅम लागतं. ५० ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीत सत्तरेक मिळतं, २५ ग्रॅम काजूगरांतही जवळपास तेवढंच (बीपी आहे, तेव्हा खारे नकोत). कुळथाची पिठी आहेच. तांदूळ जितका पांढरा सडाल तितकं मॅग्नेशियम कोंड्याबरोबर जातं. न सडलेला लाल उकडा बरा.

प्रश्न : लावणीच्या दिवसांत लेप्टो (चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगितलंय, आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम. त्याने छातीत जळजळतं, म्हणून लगेच वरून अ‍ॅन्टासिड घेतो. चालेल?
– एक शेतकरी वाचक, कुडाळ

उत्तर : नाही. बहुतेक अ‍ॅन्टासिडांत मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम असतं. ते आतड्यात डॉक्सिसायक्लिनला चिकटतं आणि औषध रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. गोळी घेतली खरी, पण चिखलात तुम्ही बिनऔषधाचेच उतरलात! अ‍ॅन्टासिड लागलंच तर डॉक्सिसायक्लिननंतर निदान दोन तासांनी घ्या. आधी घेतलं असेल तर डॉक्सिसायक्लिनला चार ते सहा तास थांबा. मॅग्नेशियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम.

मुळात जळजळ होते ती बहुतेकदा गोळी अन्ननलिकेत अडकल्याने. भरल्या पोटी, तांब्याभर पाण्याबरोबर, बसून घ्या आणि अर्धा तास आडवे होऊ नका. रात्री निजताना घोटभर पाण्याने गिळणं ही सगळ्यात वाईट रीत. गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर त्यांना तुमच्यातली गोळी देऊ नका. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनीही अ‍ॅन्टासिड चार तास लांब ठेवावं.

प्रश्न : मिठागराच्या जाड्या मिठात मॅग्नेशियम असतं म्हणे. मग गोळी कशाला?
– एक वाचक, शिरोडा

उत्तर : असतं, कडवट चव त्याचीच. पावसात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं त्यातही मॅग्नेशियम क्लोराइडचाच हात. पण दिवसाच्या ५ ग्रॅम मिठातून मिळतं ते किरकोळ, आणि त्याच्या आशेने मीठ वाढवलं तर बीपी वाढेल. शिवाय जाड्या मिठात आयोडीन घातलेलं नसतं. तेव्हा ते कैरीच्या खारासाठी ठेवा, रोजच्या आमटीत आयोडीनचं घाला.