अमेरिकेत भावाकडे डिसेंबरात डुबी मारणाऱ्या बदकांच्या शिकारीला जातोय. बंदूक, छर्रे काय घ्यावेत?

बंदूक बारा बोअर, छर्रे पोलादी, दोन नंबरचे. शिशाची काडतुसं नेऊच नका, पाणपक्ष्यांसाठी ती तिकडे १९९१ पासून देशभर बंद आहेत. आपल्याकडे तर त्याच साली परवान्यावरची शिकारही बंद झाली, आणि माझ्या थोरल्या काकांचं ज्ञान तिथंच थांबलंय.

माझे दाजी विस्कॉन्सिनला असतात. त्यांच्याबरोबर डिसेंबरात ग्रीन बेवर, म्हणजे मिशिगन सरोवराच्या खाडीवर, गेलो होतो. दलदली गोठल्या की ही बदकं मोठ्या उघड्या पाण्यावर येतात. लाटांना चिकटून येतात, सुसाट. दाजींनी एक ब्लूबिल, म्हणजे निळसर चोचीचं डुबी मारणारं बदक, पाडलं. पंख मोडलेला, पण मान ताठ. मी "वा" म्हणेपर्यंत त्यांनी पाण्यावरच त्याला दुसरा बार घातला.

मंगळवार पेठेत येऊन काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "बसलेल्या पाखरावर बार? शिकारी हाय का खाटीक?" तेव्हापासून घरात कुणाचंही लग्न असो, पंगतीत हाच विषय.

काकांनी त्या काळी पंचगंगेच्या काठाला हळदी-कुंकू बदकं मारली. उथळ पाण्यात शेपूट वर करून चरणारी. जखमी पाखरू उसात पडायचं, कुत्रं हुडकून आणायचं. ग्रीन बेवर उसाचा फड नाही. मान ताठ दिसली म्हणजे पाखरू डुबी मारणार, लांब कुठंतरी नुसती चोच वर काढणार. लाटांत ती चोच कोण हुडकणार? पाखरू हालहाल होऊन मरतं आणि आपल्यालाही मिळत नाही. जखमी पक्षी शोधायचा प्रयत्न करणं तिकडे नियमानंच बंधनकारक आहे. म्हणून मान वर दिसली की लगेच दुसरा बार. यात काकांची मर्दुमकी जात असेल तर जाऊ दे.

पाखरांना भुलवायची नकली बदकं एकाच लांब दोरीला ओवा, मध्ये उतरायला जागा सोडा, वारा पाठीवर घ्या. ओली दोरी हातातच गोठते, जादा रबरी हातमोजे ठेवा. लाइफ जॅकेट बोटीत नाही, अंगावर.

हो, पाहुणे म्हणून व्हिसावर जात असाल तर शिकारीचा परवाना मिळेपर्यंत बंदुकीला हातही लावू नका. वर पंचवीस डॉलरचा डक स्टॅम्प, म्हणजे बदकांच्या शिकारीचं सरकारी तिकीट, लागतो. बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं बसता कामा नयेत. आणि ब्लूबिलला मासळीचा वास मारतो, घरची कांदा-लसूण चटणी बॅगेत टाका. काका म्हणतात नुसतं मीठ-हळद पुरे. खाल्लंय कुणी?