भाल्याची बंदूक आणि विहिरीतल्या बुड्या

प्रश्न : आम्ही जालन्याचे. धाकटे दीर मस्कतला नोकरीला आहेत. तिथे मित्रांबरोबर समुद्रात बुडी मारून भाल्याने मासे मारतात. दिवाळीला येताना स्पिअरगन, म्हणजे रबराच्या ताणाने भाला सोडणारी बंदूक, घेऊन आले. अंगणात रबर ताणून, भाला चढवून दाखवला, लेकरांनी टाळ्या वाजवल्या. आता भाऊबीज झाली की सगळं घर आणि त्यांचे दोन मित्र मिळून जायकवाडीला जायचं, तिथे ते मासे मारणार आणि माझ्या 14 वर्षांच्या मुलाला शिकवणार, असं ठरलंय. मुलगा पट्टीचा पोहतो. हल्ली मामाच्या मळ्यातल्या विहिरीत मोबाइलवर सेकंद मोजत बुड्या मारतो. मी नको म्हटलं की मालक म्हणतात, तू घाबरट, तुझ्यामुळे पोरगंही तसंच होईल. सासूबाई माळकरी, त्यांचा वेगळाच राग. मी उगाच घाबरते का?

उत्तर : ताई, बंदुकीचं नंतर बघू. मुलाच्या त्या सेकंद मोजून मारलेल्या बुड्या आजच बंद करा. पत्रात तुम्ही ते ओघात लिहून गेलात, पण या सगळ्या बेतात जिवावर बेतणारं काही असेल तर ते हेच.

दम कोंडल्यावर श्वास घ्यावासा वाटतो तो रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. ऑक्सिजन कमी झाल्याचं शरीर तितक्या जोरात सांगत नाही. पोरं काय करतात, बुडीच्या आधी दहा-पंधरा वेळा भराभर खोल श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र बराच खाली जातो. मग पाण्यात गुदमरल्यासारखं होत नाही, पोराला वाटतं दम वाढला. तिकडे ऑक्सिजन संपत येतो आणि काही कळायच्या आत शुद्ध जाते. हातपाय झाडणं नाही, ओरडणं नाही. कमरेइतक्या पाण्यातही असं होतं, आणि चांगल्या पोहणाऱ्याला जास्त होतं, कारण आकडा वाढवत नेतो तो तोच. काठावरच्या दोस्तांना वाटतं, गडी आज रेकॉर्ड मोडतोय.

मुलाला रागावून सांगू नका, तो चोरून जाईल. कारण समजावून सांगा, 14 वर्षांच्या पोराला ते नीट कळतं. दम वाढवायचाच असेल तर घरात, बाजेवर पडून, मोठं माणूस समोर असताना, आणि आधी भराभर श्वास न घेता. तिथे भोवळ आली तर शरीर आपोआप श्वास घेतं. पाण्यात त्याच श्वासाबरोबर पाणी आत जातं. विहिरीत पोहायला हरकत नाही, फक्त बुडीची पैज नको आणि एकट्याने उतरणं नको. शिवाय मोटारीचं स्टार्टर बंद करून फ्यूज काढल्याशिवाय कुणीच उतरू नये. केबल सोललेली असली की पाण्यात करंट उतरतो.

आता भाऊजी. त्यांना एकच प्रश्न विचारा : तुम्ही खाली असता तेव्हा वर कोण असतं?

नीट शिकलेला माणूस लगेच सांगेल की एक खाली, एक वर. वरच्याने स्वतः बुडी मारायची नाही, खालच्यावरून नजर काढायची नाही, आणि तो वर आल्यावरही निदान 30 सेकंद त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. त्याचं कारण दाबात आहे. 10 मीटर खोलीवर पृष्ठभागाच्या दुप्पट दाब असतो. वर येताना तो झपाट्याने उतरतो, तसा फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही उतरतो. म्हणून माणूस तळाशी शाबूत असतो आणि शेवटच्या काही मीटरमध्ये, नाहीतर वर येऊन एक-दोन श्वास घेतल्यावर, बेशुद्ध पडतो. तसं झालं तर तोंड पाण्यावर धरायचं, मास्क काढायचा, गालावर थोपटून नावाने हाक मारायची, चेहऱ्यावर फुंकर मारायची. श्वास सुरू झाला नाही तर तोंडाने दोन श्वास द्यायचे आणि काठावर आणून पुढचे उपचार करायचे. दोन बुड्यांमध्ये विसावा किमान दुप्पट हवा. एक मिनिट खाली राहिला तर दोन मिनिटं वर. भाऊजी म्हणाले की आम्ही आपापल्या दिशेने जातो आणि तासाभराने भेटतो, तर आजवर त्यांना नशिबाने तारलं एवढंच.

भाऊजी नीट शिकलेत का, याची दुसरी खूण म्हणजे अंगण. भरलेली स्पिअरगन पाण्याबाहेर असता कामा नये, हा या खेळातला अगदी पहिला धडा आहे. भाल्याचा वेग पाणी अडवतं, त्यामुळे काही मीटरमध्ये त्याचा जोर संपतो. हवेत तो अडत नाही. सेफ्टीच्या खटक्यावर विसंबायचं नसतं, कारण आतली पकड झिजली की भाला आपोआप सुटतो. रबर पाण्यात उतरल्यावरच ताणायचं, टोक माणसांपासून दूर ठेवून, आणि काठाला यायच्या आधी उतरवायचं. घरात दिवाळीची लेकरं आहेत, तेव्हा रबरं काढून ठेवायला सांगा, भाला वेगळा, टोकाला बूच, आणि सगळं कुलपात. यात भाऊजींचा अपमान नाही.

जायकवाडी मात्र सरळ खोडून काढा. 1986 पासून त्या धरणाचा जलाशय, नाथसागर, पक्षी अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेणं हाच गुन्हा आहे, आणि त्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत जाळी आणि गळसुद्धा येतात, तिथे भाल्याची बंदूक सुटेल कशी? दुसऱ्या धरणावर जाऊ म्हणाले, तर तिथली मासेमारी बहुधा मच्छीमार सोसायटीकडे ठेक्याने असते. त्यांनी बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, सोडलेली असतात, न विचारता मासा मारला की भांडण ठरलेलं.

आणि पाणी? पावसाळ्यानंतर आपल्या धरणांत काळ्या मातीचा गाळ तरंगत असतो, हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. भाला जिथवर पोचतो तिथवर स्वच्छ दिसत नसेल तर सोडायचा नाही, कारण माशापलीकडे कुणाचा पाय आहे ते कळत नाही. तळाशी बुडालेल्या बाभळी, जुन्या भिंती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मच्छीमारांची तंगुसाची जाळी. पाण्यात ती दिसतच नाही आणि अंगाला गुंडाळली की एकट्याला सुटता येत नाही. शिवाय गोडं पाणी खाऱ्यापेक्षा कमी तरंगवतं. सहज खाली जाता यावं म्हणून कमरेला शिशाचा पट्टा बांधतात. मस्कतच्या समुद्रात बेतलेला तो पट्टा इथे 75 किलोच्या माणसाला साधारण दोन किलोने जास्त पडतो, म्हणजे वर यायला जास्त ताकद लागते.

भाऊजींच्या हौशीचं काय करायचं? मास्क, फिन्स, स्नॉर्कल मुलाला पोहण्याच्या तलावात शिकवू द्या, शिक्षक काठावर असताना. मास्क नाकावरून येणाराच हवा. नुसता पोहण्याचा गॉगल घालून खोल गेलं की डोळ्यांवर दाब येतो आणि तो कमी करता येत नाही. कानावरचा दाब सारखा व्हावा म्हणून नाक दाबून हलकेच फुंकायचं, पहिल्या मीटरपासून. कान दुखला की वर. सर्दी असली तर त्या दिवशी बुडी नाही.

सगळ्या घराच्या सहलीसाठी ओळखीच्या कुणाचं मासे सोडलेलं शेततळं बघा आणि गळ घेऊन जा. कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून गोळ्या केल्या की रोहू लागतो. गांडूळ लावलं तर चिलापी. पण शेततळं दिसतं तसं साधं नसतं. 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल, आणि चारही बाजूंना प्लास्टिकचा कागद. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणाराही उतारावरून वर चढू शकत नाही. वाचवायला उडी मारणारा दुसरा त्याच्याच शेजारी अडकतो. चारही कोपऱ्यांना गाठी मारलेला दोर आधीच खुंट्याला बांधा, दुसरं टोक पाण्यात सोडा. ट्रकची हवा भरलेली ट्यूब हाताशी ठेवा. उतारावर कुणीच पाय ठेवायचा नाही, गळ बांधावरूनच टाकायचा. कुणी पडलाच तर ट्यूब फेका, मागे उडी मारू नका.

सासूबाईंचं म्हणाल तर कार्तिकी एकादशी तोंडावर असताना मासा घरात आणू नये हे त्यांचं म्हणणं पाळायला अवघड नाही. मळ्यातच चूल मांडा, भांडी तिथलीच वापरा, नाहीतर धरलेले मासे शेततळ्याच्या मालकालाच देऊन टाका.

तुमच्या मालकांशी घाबरट की शूर यावर वाद घालू नका, त्यात तुम्ही हरणारच. त्यांना काम द्या. पाण्यावर नजर ठेवणारा एक माणूस लागतो. हातात मोबाइल नको, पोटात दारू नको, गळ्यात शिट्टी, दर 20 मिनिटांनी पाळी बदलायची. पहिली पाळी त्यांची.