वाचकांचे प्रश्न : पिच वाढवलं की डिझेल वाचतं का?

प्रश्न : माझी ३४ फुटी शिडाची बोट आहे. सामानासकट वजन ६ टन, पाणरेषेवर लांबी २८ फूट. इंजिन तीन सिलिंडरचं, ३६०० आरपीएमला २९ हॉर्सपॉवर, गिअरबॉक्स २.६२ ला १. पंखा तीन पात्यांचा, १७ × १३ इंच (व्यास १७, पिच १३). थ्रॉटल पूर्ण ढकलला तरी इंजिन ३००० च्या वर जात नाही आणि मागे काळा धूर निघतो. २६०० वर तासाला साडेतीन लिटर डिझेल लागतं. मिस्त्री म्हणतात, पिच वाढवा, कमी आरपीएमवर तोच वेग मिळेल आणि डिझेल वाचेल. टाकी ११० लिटरची आहे. वारा पडला तर मुंबई ते गोवा इंजिनावर जाता येईल का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : पिच, म्हणजे न घसरता पंखा एका फेरीत जेवढे इंच पुढे जाईल ते अंतर, वाढवू नका. तुमचा पंखा आधीच जड आहे, म्हणजे इंजिनाला पेलत नाही.

मिस्त्रींचं म्हणणं अगदीच चूक नाही. सावकाश चालताना जड पंख्यावर डिझेल किंचित कमी लागू शकतं. पण समोरून वारा आणि लाट आली, की इंजिन ठरलेल्या आरपीएमपर्यंत पोहोचत नाही. गव्हर्नर (इंजिनाचे आरपीएम राखणारा भाग) डिझेलचा पंप पूर्ण उघडतो, सिलिंडरमधल्या हवेला जाळता येईल त्याहून जास्त डिझेल आत जातं. तोच तुमचा काळा धूर. काजळी एक्झॉस्टच्या एल्बोत (वाकलेल्या नळीत) साठते, वाट अरुंद होते, धूर आणखी वाढतो आणि शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात.

मात्र पंख्याला दोष देण्याआधी बाकीचं तपासा. आपल्या पाण्यात महिनाभर उभ्या बोटीच्या पंख्यावर शिंपले बसतात आणि तेवढ्यानेही काहीशे आरपीएम जातात. बूड आणि पंखा खरवडून घ्या. थ्रॉटलची केबल पंपावरच्या दांडीला शेवटपर्यंत नेते का, ते कोणाला तरी थ्रॉटल ढकलायला सांगून स्वतः बघा. डिझेल फिल्टर बदला, एल्बो उघडून आत बोट घाला. डॅशबोर्डवरच्या आरपीएम काट्यावर विसंबू नका. पुलीवर परावर्तक पट्टी चिकटवून हातातल्या ऑप्टिकल टॅकोमीटरने मोजा. मग टाक्या भरलेल्या, पाणी शांत आणि खोल, वारा नाही, अशा वेळी पाच मिनिटं फुल थ्रॉटल द्या. तरीही ३००० च असेल, तर पंखा बदलायला हवा.

किती बदलायचा? एक इंच पिच कमी केलं की इंजिनाचे साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. तुम्हाला ६०० हवेत, म्हणजे तीन ते चार इंच. जुनी पाती पिळून वर्कशॉपवाले एक-दोन इंच देतील, त्याहून जास्त पिळू नये. व्यासातला एक इंच मात्र दोन-तीन इंच पिचइतका भार घेतो. म्हणून १६ × ११ चा पंखा घ्या. ताळा असा : ३६०० भागिले २.६२ म्हणजे शाफ्टचे १३७४ आरपीएम. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, मिनिटाला १२१५ इंच. तुमच्या बोटीचा कमाल वेग ७ नॉट (२८ चं वर्गमूळ गुणिले १.३४), म्हणजे मिनिटाला ८५०५ इंच, शाफ्टच्या एका फेरीला ६.२ इंच. शिडाच्या बोटीत ४५ टक्के स्लिप (पंखा पाण्यात घसरल्याने वाया जाणारी चाल) धरली तर पिच सव्वाअकरा येतं. अकरा घेतलं की पंखा किंचित हलका राहतो, आणि तो तसाच हवा. प्रवासात सामान वाढतं, बुडावर शेवाळ धरतं.

आता डिझेल. ते तासाला किती लागतं हे मोजून काही कळत नाही, सागरी मैलाला किती लागतं ते मोजा. जड पंख्यावर २६०० ला डिझेल जास्त जातं तशी बोटही जास्त पळते. एकाच आरपीएमवर दोन पंख्यांची तुलना करून लोक फसतात. खुणा केलेल्या पाच लिटरच्या डब्यातून इंजिनाला डिझेल द्या. परतीची नळीही त्याच डब्यात सोडा, नाहीतर इंजेक्टरकडून परत आलेलं डिझेल खर्चात धरलं जाईल. प्रत्येक आरपीएमवर वीस मिनिटं, जाऊन-येऊन, म्हणजे भरती-ओहोटीचा ओढा कटेल. वेग जीपीएसचा घ्या.

नव्या पंख्यावर २२०० ला अंदाजे ५ नॉट आणि तासाला १.६ लिटर मिळावेत; २६०० ला ५.८ नॉट आणि २.५ लिटर, ३००० ला ६.४ नॉट आणि ३.६ लिटर. मुंबई ते मुरगाव (गोव्याचं बंदर) सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. २२०० वर ७२ लिटर आणि ४५ तास, २६०० वर ९७ लिटर, ३००० वर जवळपास १२७. टाकीच्या तळाचा गाळ आणि पाचवा हिस्सा राखीव सोडला, तर ११० पैकी ८५ लिटरच तुमचे. तेव्हा गोवा फक्त २२०० वर. परतीला दुपारचा वायव्येचा वारा तोंडावर येतो. त्या वेळी हा हिशेब लावू नका, जादा कॅन बरोबर ठेवा.

प्रश्न : शिडावर असताना पंखा फिरू द्यावा की गिअर टाकून थांबवावा? (एक वाचक, पणजी)

उत्तर : स्थिर पात्यांचा पंखा मोकळा फिरला तर थांबवलेल्यापेक्षा कमी ओढतो, म्हणून न्यूट्रल. पण काही गिअरबॉक्सना इंजिन बंद असताना शाफ्ट फिरलेला चालत नाही, तेव्हा आधी तुमच्या गिअरबॉक्सचं मॅन्युअल बघा. शिडावर असताना पुढचा गिअर मात्र कधीच टाकून ठेवू नका. कोन क्लच (शंकूच्या आकाराचा) असेल तर तो घसरून झिजतो. मिटणारा पंखा असेल तर इंजिन बंद केल्यावर क्षणभर रिव्हर्स टाका. शाफ्ट थांबला की पाणी पाती मिटवून देतं.