वाहिनीचा मालक कोण आहे, याने बातमीत आणि मालिकेत खरोखर फरक पडतो का?

मालक बदलला की बातम्या आणि मालिका बदलतात, की हा केवळ टीकाकारांचा समज आहे, असे आपण विचारले आहे. बदलतात. मात्र मालक संपादकाला फोन करून बातमी थांबवतो, असे चित्र आपल्या मनात असेल तर ते बहुधा चुकीचे आहे. नेमक्या याच मुद्द्यावर आमच्या तेव्हाच्या जिल्हा प्रतिनिधींशी माझा वाद आजही चालू आहे.

2017 मध्ये मी यवतमाळ जिल्ह्यात एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. मानधन नावापुरते होते आणि खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर होती. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येत असे आणि त्या हंगामात विषबाधेने जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी एका मजुराजवळ बसलो होतो. त्याला समोरचे दिसत नव्हते, तो माझ्या आवाजाच्या रोखाने मान वळवून बोलत होता आणि त्याच्या पत्नीने पदरात गुंडाळून आणलेल्या बाटल्यांवरची नावे मी वहीत उतरवून घेत होतो. दोन औषधे एकत्र करून मारा, असे कृषी केंद्रात सांगितले होते आणि पावती दिलेली नव्हती. मी औषधांच्या नावांसह आणि दुकानाच्या नावासह बातमी पाठवली. दुसऱ्या दिवशी पहाटे एसटी स्टँडवर गठ्ठा सोडला, तेव्हा ‘फवारणी करताना शेतकऱ्यांनी काळजी घ्यावी’ असे चार ओळींचे आवाहन छापून आले होते आणि त्याच पानावर खाली त्याच कृषी केंद्राच्या दसऱ्याच्या शुभेच्छा होत्या.

“मालकांचा मला एकदाही फोन आलेला नाही, नाव मी स्वतः काढले,” असे प्रतिनिधी तेव्हा म्हणाले आणि आजही अभिमानाने म्हणतात. माझे म्हणणे असे की, ज्याच्या नोकरीचा हिशेब दर महिन्याच्या जाहिरातीच्या टार्गेटवर होतो, त्याला मालकाने फोन करण्याची गरजच पडत नाही.

वाहिन्यांचे गणित वेगळे दिसले तरी फार निराळे नाही. वृत्तवाहिनीतील विदेशी भांडवलावर 2012 च्या सुमारास 26 टक्क्यांची मर्यादा होती, मालिकांच्या वाहिनीवर नव्हती. म्हणून विदेशी मालकीच्या ‘स्टार’चे बातम्यांतील नाव निघाले आणि 2012 मध्ये ‘स्टार माझा’चा कोलकात्याच्या आनंद बाजार समूहाच्या नावाने ‘एबीपी माझा’ झाला, तर मालिकांची ‘स्टार प्रवाह’ होती तिथेच राहिली. नोव्हेंबर 2024 मध्ये ‘स्टार प्रवाह’ आणि तिची स्पर्धक ‘कलर्स मराठी’ एकाच कंपनीत आल्या, म्हणजे नव्या निर्मात्याला एका दारातून नकार मिळाला तर ठोठावायचे एक दार कमी झाले.

मालिकांमध्ये मालकाइतकेच महत्त्व प्रेक्षक मोजणाऱ्याला असते. 2015 मध्ये ‘बार्क’ने, म्हणजे कोणती वाहिनी किती पाहिली जाते हे मोजणाऱ्या संस्थेने, ग्रामीण घरांची आकडेवारी देण्यास सुरुवात करेपर्यंत, जाहिरातींचे दर ज्या आकड्यांवर ठरत त्यांत खेडे जवळपास नव्हतेच. त्यानंतर 2016 मध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’ आणि 2017 मध्ये ‘लागिरं झालं जी’ आल्या, हा मला योगायोग वाटत नाही. अर्थात त्यांतले खेडे कोल्हापूर-साताऱ्याचे होते. आमच्या कोरडवाहू भागात संध्याकाळी त्या पाहताना आई विचारायची, “याइच्या वावरात तन नाही होत काय रे?” आमच्या बाजूची म्हणावी अशी ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील नागपूरची राधिका होती, पण तिचा संसार मुंबईकडे.

आपण पत्रकारितेत येण्याचा विचार करत असाल, तर मालकाच्या पक्षाची चौकशी नंतर करा. तालुक्यातील वार्ताहराला पगार मिळतो की कमिशन, हे आधी विचारा. तो प्रश्न ऐकून समोरचा माणूस अवघडला, तर आमच्या प्रतिनिधींना माझा नमस्कार सांगायला हरकत नाही.

दोन गोष्टी न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच दैनिकाने कालव्याच्या निकृष्ट कामाची माझी बातमी एका शब्दाचीही काटछाट न करता पहिल्या पानावर छापली होती. आणि दसऱ्याची ती जाहिरात त्या दुकानातून मीच आणली होती. तिचे कमिशन पुढच्या महिन्यात मला मिळाले आणि मी ते घेतले.