दिवड ओळखताना

साप पाहायला नुकतीच सुरुवात केली असेल, तर ठाण्यात पहिली ओळख दिवडीशीच करून घ्यावी. मात्र ती खाडीवर शोधू नका. खारफुटीच्या चिखलात दिसणारा पाणसाप बहुधा दुसऱ्याच, सौम्य विषारी जातीचा असतो, तर दिवडीला तलाव, ओढे, भातखाचरे असे गोडे पाणी लागते. अंगावरील बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी पाहून घाईने निष्कर्ष काढू नये, कारण ती कधी अगदी फिकी असते. डोळ्याखाली आणि डोळ्यामागे तिरप्या उतरणाऱ्या दोन काळ्या रेघा हीच माझ्या मते भरवशाची खूण.

गेल्या पावसाळ्यात जलपर्णीच्या कडेला एक दिवड तोंडात आडवा धरलेला मासा फिरवून फिरवून डोक्याकडून गिळताना मी पंधरा मिनिटे पाहिली. तेवढ्यात कोणीतरी काठी आपटली, तशी ती मान चपटी करून उभी राहिली आणि 'नाग, नाग' असा ओरडा झाला. या गैरसमजातच बिचारी मारली जाते. ती बिनविषारी असली, तरी तापट आहे आणि तिच्या चाव्यातून रक्तही बरेच वाहते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे. त्यामुळे हात न लावता दुर्बिणीतूनच पाहावे.