इंग्रजी वाक्यात शब्द मागेपुढे केले तर शैली बदलते, की नुसती चूक होते?

शैली बदलते, बऱ्याचदा वाक्याचा रोखच बदलतो. 'कर्ता, क्रियापद, कर्म, काही हलवायचं नाही' असं बजावणाऱ्यांनी आपलं फार नुकसान केलंय.

मी वाशीला एका सीएचएकडे, म्हणजे मालाचं कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटकडे, डॉक्युमेंटेशनला होते. एका पार्टीचा, म्हणजे ग्राहकाचा, कंटेनर न्हावाशेवा बंदरात अडकला. शिपिंग लाइनने डीओ, म्हणजे माल सोडायची डिलिव्हरी ऑर्डर, उशिरा दिला, तोवर फ्री डेज (कंटेनर फुकट ठेवायचे दिवस) संपले, आणि डिटेन्शन (पुढच्या दिवसांचा आकार) मात्र आमच्या माथी. ते माफ करा म्हणून पत्र लिहायचं होतं. मी लिहिलं, 'नॉट अंटिल मंडे डिड वी रिसीव्ह द डिलिव्हरी ऑर्डर.' साहेबांनी लाल पेनाने 'डिड वी' खोडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रश्न विचारताय का? मराठी मीडियमचं इंग्रजी!" वर स्वतः लिहिलं, 'वी रिसीव्ह्ड द डिलिव्हरी ऑर्डर ऑन मंडे.'

दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पण त्यांच्या वाक्यात सोमवार हा नुसता वार उरला. माझ्या वाक्यात तक्रार होती, की सोमवार उजाडेपर्यंत तुम्ही दिलाच नाहीत. आमची सगळी बाजू त्या 'नॉट अंटिल'वर उभी होती! 'नेव्हर', 'हार्डली', 'नॉट अंटिल' असं काही वाक्याच्या तोंडाशी आणलं की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं, हा नियमच आहे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी १९६१ च्या शपथविधीच्या भाषणात 'देश तुमच्यासाठी काय करील हे विचारू नका' हे सांगताना 'डू नॉट आस्क' न म्हणता 'आस्क नॉट' म्हटलं, म्हणून ते वाक्य अजून लोकांच्या तोंडी आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मराठीत कोणी कोणाला हे 'ने', 'ला' सांगतात, म्हणून आपण शब्द बिनधास्त हलवतो. इंग्रजीतले तसे प्रत्यय शतकांपूर्वीच झिजले, ते काम शब्दाच्या जागेवर आलं. तेव्हा कर्ता-कर्माची अदलाबदल करू नका. वेळ आणि कारण मात्र हलवा. पार्टीला उशीर कळवताना पाऊस आधी लिहिला तर तिच्या डोक्यात उशीर राहतो, शेवटी लिहिला तर पाऊस. मी पाऊस शेवटी लिहिते.

अर्थात रोजच्या मेलमध्ये उलटी वाक्यं सारखी नकोत, भाषण ठोकल्यासारखी वाटतात. पानात एखादं पुरे. पण ते एखादं कोणी खोडलं तर ऐकून घेऊ नका, व्याकरण उघडून समोर ठेवा. आणि माध्यम काढलं तर सांगा, की 'नो सूनर डिड... दॅन' मराठी शाळेत बोर्डाच्या परीक्षेसाठी घोटून घेतात. माझ्याकडून ठाण्यातल्या शाळेत बाईंनी घेतलं होतं.